मुक्कामाचा नकाशा

पठारावर दोन रात्री तंबूत काढायच्या एवढं ठरलं की बरेचजण सामानाची यादी करायला बसतात. मी टेबल रिकामं करून त्यावर दोन कागद शेजारी शेजारी पसरतो: भारतीय सर्वेक्षण विभागाचे ४७ एन/५ आणि ४७ एन/९. बीड जिल्ह्यातलं पाटोद्याचं पठार, म्हणजे बालाघाटाच्या रांगेचा माथा, मुख्यतः या दोन पानांवर येतो. नकाशा वाट शोधण्यासाठी असतो, हे कबूल. पण ही पानं मी कवितेसारखी वाचतो. लय कुठे बदलते, काय सांगितलं आहे, काय गाळलं आहे आणि कुठे आपली फसगत होते, असं जे चांगल्या कवितेबद्दल बोलावंसं वाटतं, ते सगळं या पानांबद्दल बोलता येतं.

आधी त्या क्रमांकांविषयी, कारण अनेकांना ते सरकारी फाइलीवरच्या जावक क्रमांकासारखे निरर्थक वाटतात. सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. त्यानं देशाचे चार-चार अंशांचे चौकोन पाडले. त्यातल्या ४७व्या चौकोनात अक्षांश १६ ते २० आणि रेखांश ७२ ते ७६ हा मुलूख येतो. मुंबई, पुणे, सोलापूर आणि बीड सगळे एकाच घरातले. या घराच्या एक-एक अंशाच्या सोळा खोल्या, ए ते पी. एन म्हणजे १८ ते १९ अक्षांश आणि ७५ ते ७६ रेखांश. बीड शहर या खोलीच्या अगदी वरच्या भिंतीला टेकलेलं आहे. प्रत्येक खोलीचे पुन्हा सोळा कप्पे आणि एक कप्पा म्हणजे आपल्या हातातलं पान. त्याचं प्रमाण १:५०,०००. जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटीमीटर भरतो. नव्या मालिकेत क्रमांक बदलले आहेत आणि ती पानं आता संगणकावर उतरवून घेता येतात. डोंगरात फिरणारी जुनी मंडळी मात्र अजून ४७ एनच म्हणतात.

पाटोदा गाव पाचव्या पानाच्या उजव्या कडेला येतं. म्हणजे पठाराचं मधलं गावच दोन पानांच्या सांध्याजवळ पडलं आहे. एक पान घेऊन भागत नाही, दोन्ही जोडून घ्यावी लागतात, आणि जोडताना एखादा ओढा अर्धा मिलिमीटर खालीवर होतो. छापील ग्रंथात सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद पान उलटताना तुटावा, तसा हा प्रकार. मला तो आवडतो. त्यामुळे त्या जागी डोळा आपोआप रेंगाळतो.

आता लय. तपकिरी समोच्च रेषा दर वीस मीटर उंचीला एक. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटरवर आहे. तिथून दक्षिणेला बोट सरकवत नेलं की रेषा सुट्या सुट्या येत राहतात, आणि मांजरसुंब्याच्या घाटाशी एकदम दाटी करतात. पाच-सहा रेषा एकमेकींना चिकटून जातात. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या ट्रकचालकाला गिअर बदलताना जे कळतं, ते इथे डोळ्यांना कळतं. आणि घाट संपला की सगळ्या दाटीचा मागमूस नाही. रेषा दूर जातात, दोन रेषांमध्ये बोटभर, दोन बोटं मोकळी जागा पडते. ही मोकळी जागा या पानांवरचा सगळ्यात बोलका भाग आहे. नवखा वाचक गर्दीच्या रेषांकडे बघतो, कारण तिथे कडे आहेत, घळी आहेत, छायाचित्रं आहेत. तंबू ठोकणाऱ्यानं बघायची ती कोरी जागा.

ही लय कुणा नकाशाकाराची नाही, दगडाची आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खन तयार झालं. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, भुसभुशीत थर झिजून उतार होतो, मग पुन्हा घट्ट थर. म्हणून बालाघाटाला शिखरं जवळजवळ नाहीत; पायऱ्या आहेत आणि सपाट माथे आहेत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे डोंगर पहिल्यांदा बुटके, कंटाळवाणे वाटतात. तो दोष बघणाऱ्याचा. सह्याद्री वर बघायला लावतो, बालाघाट लांब बघायला. आणि दोन थरांच्या सांध्यात कधी कधी पाणी पाझरतं, हे विसरायचं नाही, कारण पुढचा सगळा मामला पाण्याचाच आहे.

पहिल्यांदा ही पानं हाती घेणाऱ्याची फसगत पाण्याच्या रंगापाशी होते. निळं म्हणजे पाणी, हे शाळेत शिकलेलं असतं. पठारावर असंख्य बारीक, वळणावळणाच्या रेषा दिसतात. ओढ्यांच्या आहेत हे उघड आहे. पण त्या काळ्या आहेत. सर्वेक्षणाच्या परिभाषेत काळा ओढा म्हणजे कोरडा ओढा. पावसात वाहणार, एरवी वाळू आणि गोटे. या दोन पानांवर काळ्या रेषा इतक्या आणि निळ्या इतक्या थोड्या आहेत, की नुसत्या शाईच्या हिशेबावरून जिल्ह्याचं हवामान सांगता यावं. बीडचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही पश्चिमेकडच्या आष्टी-पाटोद्याच्या वाट्याला हात आखडूनच. एखाद्या कवीनं शोकाचा शब्द न वापरता शोक उभा करावा, तसं या पानांनी दुष्काळ हा शब्द कुठेही न लिहिता सगळीकडे लिहिला आहे.

या काळ्या रेषांवर एक खेळ करून बघावा. मऊ शिसाची पेन्सिल घ्यायची आणि पानाच्या एका कडेपासून दुसरीकडे अशी रेघ काढत न्यायची, की वाटेत एकही ओढा ओलांडला जाणार नाही. ओढ्यांची टोकं जिथे एकमेकांकडे पाठ करून थांबतात, त्या फटीतून पेन्सिल सरकते. कधी फट इतकी अरुंद असते की भिंग लागतं. ही रेघ पुरी झाली की कळतं, आपण पाणलोटाची सीमा काढली. तिच्या उत्तरेला पडलेला थेंब सिंदफणेत किंवा बिंदुसरेत जातो. बिंदुसरा बीड शहरातून वाहत जाऊन सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला. नैर्ऋत्येला पडलेला थेंब विंचरणेत जातो, सौताड्याच्या कड्यावरून खाली उडी घेतो, जामखेडवरून सीनेच्या खोऱ्यात, तिथून भीमेत, भीमेतून कृष्णेत. म्हणजे एकाच पठारावर, एकाच सरीतले दोन थेंब, एक राजमहेंद्रीच्या वाटेला लागतो आणि दुसरा विजयवाड्याच्या.

पण यातली खरी कारागिरी तिसऱ्या धारेत आहे. पाटोदा तालुक्यातच, सुमारे ८२३ मीटर उंचीवर, मांजरा उगम पावते. तिथून उत्तरेला गोदावरी सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर आहे. मांजरा तिकडे जात नाही. ती आग्नेयेला वळते, केजवरून, धाराशिव आणि लातूरच्या शिवांवरून, बिदरवरून तेलंगणात शिरते, मग उत्तरेला वळते आणि कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. ७२४ किलोमीटरचा हा वळसा. पानावर मात्र तिची सुरुवात म्हणजे काळी, केसाएवढी, निनावी रेघ. नाव बरंच पुढे, रेघेला थोडं अंग आल्यावर लिहिलेलं. या केसाएवढ्या रेघेवर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे. ते कोरडं पडलं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यानंतर मला ती रेघ पूर्वीसारखी नुसती सुंदर वाटत नाही.

मुक्काम ठरवणाऱ्याला या वाचनातून जे मिळतं ते व्यवहाराचं आहे. ओढ्याचं टोक म्हणजे सगळ्यात कोरडी जागा. दृश्य तिथे असतं: एका बाजूला बीडकडचा सखल मुलूख, दुसऱ्या बाजूला सीनेचं खोरं, मध्ये आपण. आणि पाणी तिथे नसतं. पाणी खाली, जिथे चार-सहा काळ्या रेषा एकत्र येतात तिथे. पण तिथून आभाळाचा एक तुकडाच दिसतो आणि हिवाळ्यात थंडी साचते. वर दृश्य, खाली पाणी. बालाघाटावरच्या मुक्कामाचा प्रत्येक बेत हीच ओढाताण सोडवत असतो, आणि ज्या बेतात ती दिसत नाही तो कागदावरच राहतो. इथल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बाहेरगावच्यानं मुक्कामाची गोष्ट काढली की शेळ्या वळणारा म्हातारा तंबू, साप, बिबट्या यांतलं काही विचारत नाही. "मुक्काम ठीकंय पाव्हणं, पाण्याचं काय?" एवढंच.

पाण्याच्या खुणा पानांवर आहेत, पण त्या वेचाव्या लागतात. विहिरीचं बारीक वर्तुळ, आणि काही विहिरींशेजारी आकडा व त्याला लागून इंग्रजी आर हे अक्षर. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा नव्हे, आजूबाजूच्या जमिनीपासूनचा. विहिरीची खोली किंवा बांधाची उंची. कुणीतरी कधीतरी त्या विहिरीच्या काठावर उभं राहून ते माप घेतलं आहे, हे त्या एका अक्षरातून कळतं. दुसरी खूण तलावांची. काळ्या ओढ्यावर आडवी जाड रेघ आणि तिच्या पाठीशी निळा डाग. मराठवाड्यातले असे कितीतरी पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर झाले. माणसांनी खडी फोडली, माती वाहिली, त्याची मजुरी मिळाली आणि मागे तो डाग राहिला. पाझर तलावाचं काम पाणी साठवून ठेवणं हे नाहीच, ते जमिनीत मुरवणं हे आहे. त्यामुळे छापलेला निळा डाग माघात तिथे असेलच असं नाही. त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरीला मात्र पाणी असण्याची शक्यता चांगली. तलावावर विसंबू नये, तलावाखालच्या विहिरीवर विसंबावं. हे सूत्र कुठल्याही सूचीत छापलेलं नाही, दोन खुणा शेजारी ठेवून वाचल्या की निघतं.

हिरव्या रंगाबद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. राखीव जंगलाची हद्द, आत हिरवा रंग, मध्ये मध्ये विरळ झुडपांची नोंद. हा हिरवा फार उदार आहे. त्याखाली सालई आणि धावडा असलेला उतारही येतो, आणि ज्यावर तरवड, बोर आणि कुसळी गवतापलीकडे काही उगवत नाही असा बरडही येतो. पावसाळ्यात दोन्ही सारखेच दिसतात, हे खरं. पण सावली शोधायला गेलेल्या माणसाची मार्गशीर्षात निराशा होते. आणखी एक दोष गंभीर आहे. दर वीस मीटरला रेषा, याचा अर्थ पंधरा मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये सुखानं लपू शकतो. पायऱ्यांच्या या डोंगरात असे कडे पुष्कळ. कोऱ्या जागेचं मी इतकं कौतुक केलं, पण ती नेहमी निष्पाप नसते. रात्री तंबूबाहेर पडणाऱ्यानं तर हे पक्कं लक्षात ठेवावं.

हिरव्यातला एक तुकडा वेगळ्या हद्दीचा आहे: नायगाव मयूर अभयारण्य. १९९४ साली ते जाहीर झालं, क्षेत्र २९.९० चौरस किलोमीटर. कागदावर हे तळहाताएवढं भरतं, एका पानाचा जेमतेम पंचविसावा हिस्सा. एवढ्या लहान जागेला अभयारण्य करावं लागतं यातच सगळं आलं. मोराला दाट रान लागत नाही. दिवसा चरायला मोकळी, झुडपी जमीन, रात्री बसायला उंच झाड आणि रोज पाणी, एवढं त्याचं मागणं. नायगावच्या परिसरात ओढ्याकाठची झाडं आणि वरचा माळ यांची जी सांगड आहे, ती पानावर नुसत्या रेषांतूनही दिसते: उतार मंद, ओढे जवळजवळ, शेतं हद्दीला भिडलेली. मोर कुठे असतील हे नकाशा सांगत नाही, पण त्यांनी तिथे का असावं हे सांगतो. चिंकारा, लांडगा, तरस, खोकड ही मंडळीही याच माळावरची. दाट अरण्याचा मोह धरून आलेल्याला बालाघाट रुचत नाही. हे उघड्यावरचं रान आहे, आणि त्यातले जीव उघड्यावर राहून न दिसण्यात पटाईत.

अभयारण्यात तंबू टाकता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. मनाला येईल तसा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या २७व्या कलमानं अभयारण्यातल्या प्रवेशावर निर्बंध आहेत, २८व्या कलमाखाली परवाना मिळतो आणि ३०व्या कलमानं आत आग लावायला बंदी आहे. मला ही बंदी काचत नाही. कार्तिकानंतर हे गवत एका ठिणगीनं पेटतं. वनखातं त्यासाठी जाळरेषा काढतं, म्हणजे गवत जाळून किंवा साफ करून आग अडवणारे पट्टे राखतं, आणि अशा जाळरेषा दाखवायची सोय सर्वेक्षणाच्या खुणांमध्येही आहे. तेव्हा अभयारण्य दिवसा, परवानगी काढून बघायचं. रात्र बाहेर, गावच्या गायरानात किंवा शेतमालकाला विचारून त्याच्या बांधावर. शेकोटीचा हट्टही सोडावा. छोटी गॅस शेगडी पुरते.

गाव म्हटलं की पानावरचे तांबडे चौकोन आले. मोठ्या पुंजक्याचं गाव, लहान पुंजक्याची वाडी, माळाच्या टोकाला तांडा, आणि शेतातल्या विहिरीशेजारी एकटा-दुकटा ठिपका ती वस्ती. मुक्कामाच्या दृष्टीनं वस्ती सगळ्यात मोलाची: तिथे विहीर असते, माणूस असतो आणि कुत्रं असतं. पण हे तांबडे चौकोन वर्षातले सहा महिने खरे बोलत नाहीत. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. बिऱ्हाड, पोरं आणि कधी शेळीसुद्धा सोबत. फडाजवळ कोपी उभी राहते, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तेच घर. मागे गावात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली मुलं. अशा गावात नोव्हेंबरात चकचकीत तंबू घेऊन जाणाऱ्यानं दोन रात्री कापडाखाली काढण्याचं फार कौतुक सांगू नये. ज्या घराच्या ओट्यावर आपण पाणी मागतो, त्या घरातली धडधाकट माणसं त्या वेळी कुठेतरी कोपीत झोपलेली असतात.

कापडाखाली, उघड्यावर राहण्याची इथली रीत तशी जुनीच. मेंढरांचे कळप याच माळांवरून हिंडत आले. पैठणहून पंढरपूरला जाणारी एकनाथमहाराजांची पालखी आषाढी वारीत पाटोदा तालुक्यातून जाते, पारगाव घुमरे इथे रिंगण होतं, आणि वारकऱ्यांचे मुक्काम कसे बसवायचे हे या भागातल्या गावांना चांगलं ठाऊक असतं. सर्वेक्षणाच्या पानावर यातलं काही नाही. वाट आहे, वाटेवरचा काळ नाही. जाता जाता आठवतं, याच रांगेच्या पूर्वेला अंबाजोगाईत दासोपंतांनी चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर, पासोडीवर, आपलं पंचीकरण लिहून काढलं. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा माणूस तत्त्वज्ञान कापडावर आकृत्यांनी मांडत होता. ती पासोडी आणि हा नकाशा समोरासमोर ठेवून बघण्याची माझी इच्छा आहे. दोहोंतही वाचणाऱ्याला कुठून सुरुवात करायची हे स्वतः ठरवावं लागतं.

जुन्या पानांवर नसलेल्या गोष्टी हातानं भराव्या लागतात, आणि मी त्या लाल पेन्सिलीनं भरतो. पवनचक्क्या, ज्या आता पठारावर कुठूनही दिसतात. त्या खुणा म्हणून उपयोगी आहेतच, शिवाय वारा कुठे जोराचा हे त्यांनी फुकटात सांगितलेलं असतं. त्यांच्या ओळीत तंबू नको. अहिल्यानगरहून येणारी रेल्वे, जी आष्टी गाठून अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत आली. आणि एक नोंद मी समासात लिहून ठेवली आहे: २०२०च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. घाबरायला नव्हे. पण संध्याकाळी एकट्यानं ओढ्यात उतरू नये, उसाच्या आणि तुरीच्या उंच पिकालगत तंबू लावू नये, लहान मुलांना अंधारात पुढे सोडू नये, इतकं शहाणपण त्या नोंदीनं येतं.

मग महिना. श्रावण-भाद्रपदात हे पठार दिसायला सर्वांत देखणं, सौताड्याचा धबधबा भरात, मोर ओरडून सांगत असतात. पण काळ्या मातीत तंबू रोवणं म्हणजे चिखलाशी वैर, आणि खाली रामेश्वराच्या मंदिराकडे उतरणाऱ्या पायऱ्या त्या दिवसांत निसरड्या. शिवाय गर्दी. आश्विनात सीताफळं येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दगडधोंड्यांत वाढलेलं हे फळ का गोड होतं ते बालाघाटाच्या उतारावर उभं राहूनच कळावं. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा भरते. वीरशैव समाजाचं हे मोठं ठिकाण, तेव्हा त्या दिवसांत मांजरसुंब्याच्या बाजूला मुक्कामाचा विचार करू नये, किंवा यात्रेसाठीच जावं. संक्रांतीनंतर कुसळं मोज्यांतून पायाला लागतात आणि ओढ्यांचे राहिलेले डोहही आटू लागतात. चैत्र-वैशाखात जाणाऱ्याला माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

मला पसंत आहे तो मार्गशीर्षाचा पहिला पंधरवडा सुरू होण्याआधीची अमावास्या आणि तिला लागून आलेल्या रात्री. थंडी पडलेली, गवत पिवळं पण अजून उभं, तलावाखालच्या विहिरींना पाणी, आणि आभाळ काळं. पठारावरच्या रात्रीला चंद्र लागतो असं लोक समजतात. तारे बघायचे असतील तर चंद्र नको.

आता बेत. माणशी पाच लीटर पाणी रोजचं धरायचं, पिण्याचं आणि शिजवण्याचं मिळून. तेवढं पाठीवर वाहायचं तर बाकीचं सामान आपोआप निम्म्यावर येतं, आणि यादीचा प्रश्नही सुटतो. ज्वारीच्या भाकरी पहिल्या दिवसापुरत्या गावातूनच करून घ्याव्यात, सोबत ठेचा, शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी खिचडी. पहिला दिवस नायगावसाठी, परवाना आधी हातात घेऊन, सूर्य मावळायच्या आत बाहेर. पहिली रात्र पेन्सिलीच्या रेघेच्या उत्तरेला, सिंदफणेच्या अंगाला, एखाद्या पाझर तलावाच्या बांधाखालच्या वस्तीजवळ. इथे पाणी जिंकतं, दृश्य हरतं. दुसरा दिवस सगळा चालण्याचा, रेघेच्या बाजूनं, काळ्या रेषांच्या टोकांमधून पश्चिमेकडे. पाणी बाटलीतलंच, म्हणून दुपारी एखाद्या गावात थांबा ठेवलेला. दुसरी रात्र रेघेच्या दक्षिणेला, सौताड्याच्या अलीकडे, कड्यापासून चांगलं दोन-तीनशे मीटर आत, माळावर. इथे दृश्य जिंकतं. पाणी दुपारच्या गावातून भरून आणलेलं.

म्हणजे एक रात्र गोदावरीच्या खोऱ्यात आणि एक कृष्णेच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरून रामेश्वर, परत वर, आणि सौताडा रस्त्यालाच असल्यानं जामखेडची एसटी. परतीच्या प्रवासात नकाशाची घडी उघडीच ठेवावी. कोरड्या ठरलेल्या विहिरी, न सापडलेली पायवाट, छापलेल्यापेक्षा मोठी झालेली वाडी, हे सगळं गाडीतच पेन्सिलीनं भरून टाकलेलं बरं.